लेफ्ट-आउट म्हणजे संघाबाहेर नव्हे!

प्रश्न : कॉलेजच्या जुन्या फुटबॉल टीमची मंडळी जमली की बाबा अभिमानानं सांगतात, 'मी लेफ्ट-आउट.' माझा मुलगा हसतो, म्हणतो आजोबांना टीममधून काढलं होतं. खरं काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : हसू दे त्याला. मीही बेळगावात कॉलेजकडून लेफ्ट-आउटच होतो, त्यामुळे मला जरा लागलं, एवढंच! तेव्हा दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड अशी मांडणी असे. पाचांतला डाव्या कडेचा तो लेफ्ट-आउट, त्याच्या आतला लेफ्ट-इन. आज लेफ्ट-आउटला विंगर म्हणतात.

आमचे सर जागा बदलू देत नसत. पावसाळ्यात लाल चिखलानं बूट शेर-दीड शेर जड व्हायचे, वादीनं शिवलेला चामडी बॉल पाणी पिऊन दगड व्हायचा. वादीच्या बाजूनं हेड बसला की कपाळावर वळ! तरी सर कडेवरून ओरडायचे, 'अरे, लाईन धर!'

त्यांचा लाडका दाखला मात्र जागा बदलण्याचाच, 1962 च्या जकार्ता एशियाडचा. भारताचा जर्नेलसिंग खरा बचावातला, पण डोक्याला टाके पडले म्हणून प्रशिक्षक रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. फायनलमध्ये त्यानं गोल मारला. त्याआधीचा गोल पी. के. बॅनर्जींचा. दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्ण.

मी एकदा विचारलं, 'सर, मग मलाही बदला की!' म्हणाले, 'आधी टाके घालून ये.'

बाबांना विचारा, त्यांचा लेफ्ट-इन कोण होता. तासभर सुटका नाही.