कनेक्टर विकत घेण्याआधी पिच मोजा

बोर्ड हातात आहे, त्यावरचा पांढरा कनेक्टर डोळ्यांसमोर आहे, पण त्याची जोडी दुकानात कोणत्या नावाने मागायची हे कळत नाही. यावेळी वाचकांनी पाठवलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ हेच आहे.

ऑनलाइन मागवलेल्या लिथियम बॅटरीला दोन तारांचा छोटा पांढरा कनेक्टर आहे. दुकानात ‘जेएसटी’ मागितला, पण जो मिळाला तो बसतच नाही. (नाशिक)

जेएसटी ही जपानी कंपनी आहे. तिचे कनेक्टर अनेक मालिकांमध्ये येतात आणि एका मालिकेचा दुसरीत बसत नाही. त्यामुळे नुसतं ‘जेएसटी द्या’ म्हटलं की दुकानदार समोरच्या डब्यातला देतो, आणि तो बहुधा एक्सएच निघतो. आपल्या कामात वारंवार येणाऱ्या मालिका मोजक्याच आहेत: एसएच (१.० मिमी), झेडएच (१.५), पीएच (२.०), एक्सएच (२.५) आणि जाड तारांसाठी व्हीएच (३.९६). कंसातला आकडा म्हणजे पिच, शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर.

पिच मोजायला साधा डिजिटल व्हर्निअर पुरतो. पिनेचा मध्य नजरेने धरता येत नाही, म्हणून पहिल्या पिनेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत मोजा आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून भागा. पाच पिनांचं अंतर ८ मिमी आलं तर ८ भागिले ४, म्हणजे २ मिमी. पिना जितक्या जास्त, तितकं उत्तर नेमकं.

तुमची बॅटरी बहुधा पीएचची असावी, कारण अडाफ्रूट कंपनीच्या फेदर या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर आणि त्यांच्या धर्तीवरच्या बऱ्याच बोर्डांवर तोच असतो. पण हेल्टेक कंपनीच्या लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओ) बोर्डांवर बॅटरीसाठी १.२५ मिमीचा असतो. तेव्हा मोजल्याशिवाय मागवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कनेक्टर बसला म्हणून बॅटरी लगेच जोडू नका. कोणत्या पिनेवर प्लस यायचा हे पीएच मालिकेत ठरलेलं नाही. ते बोर्ड बनवणारा आणि बॅटरी बनवणारा आपापलं ठरवतात. उलट्या पोलॅरिटीच्या बॅटऱ्या बाजारात सर्रास मिळतात, आणि बोर्डावर उलट जोडणीपासून संरक्षण नसेल तर चार्जिंगची चिप तत्क्षणी जाते. तारेच्या रंगावर भरवसा न ठेवता मल्टिमीटर लावून बोर्डावरच्या खुणेशी ताडून पाहा.

जोडणी उलटी निघाली तर तारा कापू नका. कव्हरच्या बाजूला बारीक खिडक्या दिसतील. त्यातली धातूची जीभ सुईने दाबून टर्मिनल, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा, मागे ओढा. निघालेल्या टर्मिनलला आधी चिकटपट्टी गुंडाळा, मगच दुसरं काढा. दोन्ही उघडी टर्मिनलं एकमेकांना टेकली तर लिथियमचा सेल शॉर्ट होतो आणि हात भाजतो. परत घालताना जीभ किंचित उचला, म्हणजे ती कव्हरमध्ये नीट अडकेल.

व्हिडिओत एक्सएच सांगितला होता, दुकानदाराने रेलीमेट दिला. ‘दोन्ही एकच’ म्हणाला. खरं आहे का? (पुणे)

नाही. रेलीमेटचा पिच २.५४ मिमी, एक्सएचचा २.५. दोन-तीन पिनांना हा फरक जाणवत नाही, पण दहा पिनांवर तो ०.३६ मिमी होतो आणि पिना वाकवूनच बसवाव्या लागतात. पिच बाजूला ठेवला तरी दोघांची घडण वेगळी आहे. रेलीमेटच्या बोर्डावरच्या भागाला पाठीमागे एकच उभी पट्टी असते, एक्सएचच्या पिनांभोवती पेटीसारखी भिंत असते.

रेलीमेट वाईट नाही. बोर्ड तुम्हीच बनवत असाल तर खुशाल वापरा, आपल्याकडे तो सहज मिळतो. परदेशी लेखांमध्ये तो मोलेक्स केके म्हणून येतो. पिनांची साधी पट्टी हवी असेल तर बर्ग स्ट्रिप मागा आणि चपट्या पट्टीसारख्या केबलसाठी एफआरसी कनेक्टर.

ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरसाठी ‘जेएसटी १.२५’ मागवले, पण आत जात नाहीत. पिच तर बरोबर आहे. (कोल्हापूर)

१.२५ मिमीत दोन वेगळी कुटुंबं आहेत. एक जेएसटीची जीएच मालिका, जिला वर दाबायची कडी असते. पिक्सहॉक या प्रचलित डिझाइनच्या फ्लाइट कंट्रोलरवर हीच असते. दुसरी मोलेक्सची पिकोब्लेड, तिला कडी नाही. ऑनलाइन ‘जेएसटी १.२५’ नावाने बहुतेक वेळा पिकोब्लेडच्या नकला विकल्या जातात. तुम्हाला ‘जीएच’ हे अक्षर असलेला कनेक्टर हवा, आणि फोटोत कडी दिसली पाहिजे.

क्रिंपिंगचं (टर्मिनल तारेवर दाबून बसवण्याचं) हत्यार नाही. पक्कड आणि सोल्डरने भागेल का? (छत्रपती संभाजीनगर)

एक-दोन टर्मिनलं भागतील, पण सवय लावू नका. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची उघड्या तांब्याला पकडते, मागची प्लास्टिकच्या आवरणाला. ओढ सोसते ती मागची. सोल्डर तारेत मागे शोषला जातो, तार तिथे ताठ होते आणि हलवता हलवता नेमकी तिथेच तुटते. एक्सएच आणि पीएचसाठी एसएन-०१बीएम हे रॅचेटचं हत्यार चालतं. एसएचची टर्मिनलं मात्र घरी क्रिंप करण्याच्या फंदात पडू नका, तयार तारांची केबल घ्या.

तारही बघून घ्या. एक्सएचचं नेहमीचं टर्मिनल २८ ते २२ गेजसाठी असतं (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड), पीएचमध्ये २४ पेक्षा जाड तार जात नाही. दुकानात मिळणारी ७/३६ म्हणजे ३६ नंबर जाडीचे सात धागे, एकत्र मिळून ती साधारण २४ गेज भरते. १४/३६ एक्सएचलाही जाड पडते. आवरणासकट तारेची जाडीही पाहा: पीएचला १.५ मिमीपर्यंतच चालते.

१२ व्होल्टची मोटर ५ अँपिअर घेते. जंपर वायरचं टोक गरम होऊन वितळलं. (फोंडा)

जंपर वायर सिग्नलसाठी आहे, मोटरसाठी नाही. पीएच २ अँपिअरचा, एक्सएच ३ चा, तेही पूर्ण जाडीची तार लावली तर. मोटर अडकली की ती चालू प्रवाहाच्या कितीतरी पट ओढते, म्हणून इथे जास्त प्रवाहाचा एक्सटी३० कनेक्टर घ्या आणि बॅटरीच्या बाजूला फीमेल ठेवा, म्हणजे उघडी पिन कशाला टेकणार नाही. स्क्रू टर्मिनल वापरलंत तर तारेच्या टोकाला सोल्डर लावू नका. दाबाखाली तो हळूहळू पसरतो, स्क्रू सैल पडतो आणि जोड तापू लागतो. त्याऐवजी टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून लावा.

आमच्या गावात असलं दुकानच नाही. कुठून मागवायचं? (उमरगा)

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली. कोणी त्या बाजूला जाणार असेल तर सोबत नमुना द्या. तोंडी वर्णनावर चुकीची वस्तू येते. घरबसल्या हवं असेल तर पुण्याच्या रोबूसारख्या साइटवर मालिका आणि पिच दोन्ही टाकून शोधा.

अस्सल जेएसटी हवा असेल तर माउझर किंवा डिजिकी या सुट्या भागांच्या साइट. तिथे पार्ट नंबरने शोधा: दोन पिनांच्या पीएचसाठी कव्हर पीएचआर-२, बोर्डावरचा उभा भाग बी२बी-पीएच-के-एस, आडवा हवा असेल तर सुरुवातीच्या ‘बी’च्या जागी ‘एस’. टर्मिनलं वेगळी मागवावी लागतात, हे अनेकजण विसरतात आणि रिकामी कव्हरं घेऊन बसतात. टर्मिनलं लागतात त्याच्या दुप्पट घ्या, शिकताना निम्मी वाया जातात.