हाताने रंगवलेला काबुकी नट

प्रश्न : शाराकू या जपानी चित्रकाराच्या त्या डोळे वटारलेल्या काबुकी (जपानी पारंपरिक नाटक) नटाची हाताने रंगवलेली कॉपी घेतली. विकणारा म्हणतो, हॅन्डपेंटेड आहे म्हणजे छापलेल्यापेक्षा भारी. खरंय का?

उत्तर : अहो, मूळ चित्रच छापलेलं आहे ना! १७९४ मधला ओतानी ओनिजी नावाचा नट तो, शाराकूने नुसतं रेखाटलं, लाकडी ठोकळे कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, त्यामुळे ब्रशचे फटकारे तिथे शोधूच नका. तुमची कॉपी जरा तिरकी धरा, मूळ प्रिंटची काळसर पार्श्वभूमी अभ्रकाची, उजेडात चमचमते, तुमच्याकडे बहुतेक साधा ग्रे रंग असेल. आणि ती फाकलेली वेडीवाकडी बोटं पेंटरने गोंडस केली असतील तर मजाच गेली. बाकी आवडलंय तर लावा की भिंतीवर, फक्त उन्हापासून लांब.