आधी आतलं कव्हर बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री पाठवलेले चारही फोटो सकाळी उजेडात मोठे करून बघितले. पुढचं कव्हर दोनदा, मागचं एकदा, आणि पाठीच्या पिनांचा एक. चारही बाहेरचे. ‘सेरेबस’ ह्या कॉमिकचा पहिला अंक, डिसेंबर १९७७, आणि विकणारा म्हणतोय की आजच पैसे टाका, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. “थांब” एवढं मी तुला फोनवर सांगितलंच. का थांबायचं ते घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

त्या माणसाला एकच निरोप दे: कव्हर उघडा, आतली बाजू खिडकीपाशी तिरकी धरा आणि फोटो पाठवा. ह्या अंकाची बनावट प्रत निघालेली आहे आणि ती कित्येक वर्षं बाजारात फिरते आहे. डेव्ह सिम ह्या चित्रकारानं कॅनडातल्या किचनर गावातून तो अंक स्वतःच्या हिमतीवर काढला, सुमारे २००० प्रती. खऱ्या प्रतीच्या कव्हरची आतली बाजू कोरडी, बिनचमकीची असते. बनावट प्रतीची आतूनही चकाकते. आपल्या प्रेसमध्ये क्रोमो म्हणतात तो कागद तू हाताळलायस ना? एका अंगानं गुळगुळीत, दुसऱ्या अंगानं साधा. तसाच हा फरक. पुढच्या फोटोत तो कधीच दिसणार नाही, कारण पुढची बाजू दोन्हींची चकाकते.

मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत तीस वर्षं छपाईच्या मशीनवर काढली, त्यामुळे कुठलाही अंक हातात आला की चित्राआधी माझी नजर कागदाकडे जाते. ही सवय तू आत्ताच लावून घे. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रंबच्या ‘झॅप’ ह्या कॉमिकचा पहिला अंक निघाला. त्याच्या पहिल्या छपाईच्या मागच्या कव्हरवर मुद्रक म्हणून चार्ल्स प्लायमेल हे नाव आहे आणि किंमत २५ सेंट. पुढच्या छपाईत मुद्रक बदलला. चित्र तेच, कथा तीच, आणि पहिली छपाई कुठली ते ठरतं छापणाऱ्याच्या नावावरून! आपल्याकडे मुद्रक-प्रकाशकाचा तो बारीक मजकूर कोणी वाचत नाही. तू तो सगळ्यात आधी वाचत जा.

मी वाचला नव्हता. जेफ स्मिथनं १९९१ च्या जुलैत ओहायोतल्या कोलंबसहून ‘बोन’ सुरू केलं, स्वतःच्याच ‘कार्टून बुक्स’ ह्या नावानं. पुढे धंद्याची बाजू त्याच्या बायकोनं, विजया अय्यर हिनं सांभाळली. मला त्याचा पहिला अंक हवा होता. वीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विक्रेत्याशी पत्रव्यवहार केला, त्यानं कव्हरचा फोटो पाठवला, मी पैसे पाठवले. टपालखर्च अंकाच्या किमतीपेक्षा जास्त. दीड महिन्यानं पाकीट आलं. मी हात धुऊन, पुसून ते उघडलं आणि कव्हराच्या आत बारीक अक्षरात वाचलं: तिसरी छपाई. विक्रेत्यानं पहिला अंक म्हटलं होतं, आणि तो पहिलाच अंक होता. पहिली छपाई असं तो कुठेही म्हणाला नव्हता. ‘पहिला अंक’ आणि ‘पहिली छपाई’ ह्या दोन शब्दांमध्ये माझा त्या महिन्याचा निम्मा पगार गेला. तू गेला मोसम शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत रात्र रात्र बसून गणपतीचे डोळे आखलेस, त्यातून साठलेले पैसे आहेत हे. ते तसे जाऊ नयेत.

आता हे अंक दुर्मिळ का होतात ते समजून घे, म्हणजे विकणाऱ्याचा प्रत्येक दावा तुला स्वतः तपासता येईल. पूर्वी कॉमिक पेपरच्या स्टॉलवर जायचं आणि न खपलेल्या प्रती परत यायच्या. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॉमिकची वेगळी दुकानं उभी राहिली. त्यांना सवलत जास्त मिळायची, पण परतीची सोय नव्हती. त्यामुळे दुकानदार आधी मागणी नोंदवणार आणि काढणारा साधारण तेवढ्याच प्रती छापणार. नवख्या माणसाचा पहिला अंक कोण मागवणार? म्हणून पहिल्या अंकाची छपाई सगळ्यात थोडी. पुढे नाव झालं की दहावा अंक कितीतरी जास्त निघतो आणि सगळे पहिल्याच्या मागे लागतात.

‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’चं तेच झालं. मे १९८४, केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेर्ड, पहिली छपाई तीन हजारांच्या आसपास. स्टुडिओ म्हणून जागाच नव्हती, घरात बसून काढायचे, म्हणून नाव ठेवलं ‘मिराज’, मृगजळ. अंक नेहमीच्या कॉमिकपेक्षा मोठा आहे, मासिकाच्या आकाराचा, हे लक्षात ठेव. त्याच्याही बनावट प्रती आहेत. त्या अंकाचं यश बघून १९८६ च्या सुमारास कृष्णधवल कॉमिकचा नुसता पूर आला. लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे ‘पहिले अंक’ घेऊन ठेवले आणि वर्षभरात तो बाजार बसला. त्यातले बहुतेक गठ्ठे आजही कोणी विचारत नाही. थोडे छापले गेले, वाचून फाटले, आणि तरीही लोकांच्या मनातून गेले नाहीत, असे अंक फार थोडे असतात.

तुझ्याशी मला खरं बोलायचंय ते ह्यापुढचं. किचनर आणि कोलंबसचे अंक सांभाळायला तिथे माणसं आहेत. त्यांची यादी झाली आहे, दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या आहेत, दहा गुणांची मोजपट्टी आहे. आपल्या देशात स्वतंत्रपणे निघालेल्या अंकांचं काय? ओरिजित सेनचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ ह्या पर्यावरण संस्थेनं काढलं. विषय नर्मदेच्या धरणाचा, म्हणजे आपल्या नंदुरबारकडच्या माणसांचाही. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून तिचं नाव सगळे घेतात, आणि बरीच वर्षं ती मिळतच नव्हती. २०२२ मध्ये चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ प्रकाशनानं पुन्हा काढली तेव्हा कुठे ती दुकानात दिसली. एवढ्या मोठ्या कामाची ही गत, तर गावोगावी चित्रकलेच्या पोरांनी झेरॉक्सवर काढलेल्या अंकांचं काय झालं असेल? ते रद्दीत गेले. मी स्वतः जाताना बघितलेत.

रद्दीच्या दुकानात कॉमिक म्हटलं की दुकानदार तुझ्यापुढे ‘इंद्रजाल’ टाकेल. मराठीतला वेताळ (म्हणजे फँटम) बघून मलाही अजून भरून येतं, पण ते १९६४ पासून टाइम्ससारख्या मोठ्या घरानं काढलेलं कॉमिक, त्याचे संग्राहक भरपूर आहेत. तू त्या गठ्ठ्याच्या खाली बघ. पातळ, कव्हर नसल्यासारखं, दोन पिनांचं काही सापडलं तर बाजूला काढ. माझ्याकडे असा एक अंक आहे. आपल्याच गावातल्या चार विद्यार्थ्यांनी काढलेला, रंकाळ्याच्या काठावरची गोष्ट, सोळा पानं, ए-फोर कागद मधोमध दुमडलेला. मागे बॉलपेननं लिहिलंय, १०० पैकी ३७. घडीवर काळी शाई तडकून कागदाची पांढरी रेघ दिसते, कारण झेरॉक्सची शाई कागदात मुरत नाही, वर बसते. खालच्या पिनेभोवती गंजाचं तांबूस वर्तुळ पडलंय, तांदळाच्या दाण्याएवढं. दुसरा अंक निघालाच नाही. ह्याच्या दोन प्रती मी किलोच्या भावानं आणल्या. माझ्या कपाटात ह्याच्याइतका जीव मी दुसऱ्या कशावर टाकत नाही.

आणि आता सांभाळण्याबद्दल, कारण आपण कोल्हापुरात राहतो आणि पंचगंगा आपल्याला विचारून चढत नाही.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माझी खोली शाहूपुरीत तळमजल्यावर, ट्रंका कॉटखाली. माणसं, गॅस, कागदपत्रं बाहेर काढता काढता एक ट्रंक राहिली ती राहिलीच. आठ दिवसांनी उघडली तेव्हा अंकांची वीट झाली होती. मी घाईनं पंख्याखाली पसरून ते वाळवायला घेतले, आणि चूक तिथेच झाली. साध्या न्यूजप्रिंटची पानं वाळली, पिवळी पडली, पण सुटली. गुळगुळीत कागदाची एकमेकांना चिकटून बसली, कारण त्या कागदावरचा लेप ओला असताना डिंकासारखा होतो आणि वाळला की सुटत नाही. सोडवायला गेलं की चित्रच निघून येतं. उरलेले अंक एका जाणत्या माणसाच्या सांगण्यावरून मी ओले असतानाच प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून राजारामपुरीत बहिणीच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. गोठलं की बुरशीही थांबते आणि चिकटणंही थांबतं. मग दोन-दोन काढून, पानांत टिपकागद घालून, सावकाश सुटे केले. अकरा वाचले. गुळगुळीत कव्हरचे तर तेवढेच वाचले.

म्हणून तळमजल्यावर, कॉटखाली, किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लागून काहीही ठेवायचं नाही. माळ्यावर पत्र्याखालीही नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. वरच्या मजल्यावर, आतल्या भिंतीजवळ, खोक्यात उभे ठेव, फार कोंबू नकोस. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं चुकूनही घेऊ नकोस. ते प्लास्टिक काही वर्षांत घामेजतं आणि शाई ओढून घेतं. मायलारचं, म्हणजे कडक पारदर्शक पॉलिस्टरचं, पाकीट महाग पडतं, पण ते टिकतं. आत आम्ल नसलेला पुठ्ठा घालायचा, साधा पुठ्ठा घातलास तर तोच कागद पिवळा करतो. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही, गंजलेली पिन उपटून नवी मारायची नाही. आषाढ-श्रावणात आठवड्याला एकदा कपाट उघड, सिलिकाच्या पुड्या बदल, कसर दिसते का बघ. डांबरगोळ्या अंकाजवळ ठेवू नकोस.

प्रत्येक अंकासोबत एक चिठ्ठी ठेव: कुठून घेतला, कधी, कितीला, कितवी छपाई आणि ते कशावरून ठरवलंस. पेन्सिलीनं लिही, आणि चिठ्ठी पाकिटात पुठ्ठ्याच्या मागे सरकव. त्या चार विद्यार्थ्यांपैकी एकाचा पत्ता मला मिळाला आहे, त्याच्याकडून बाकीच्या प्रतींचं काय झालं ते लिहून घ्यायचंय. तुझं अक्षर चांगलं आहे, तू बरोबर चल.

‘सेरेबस’च्या आतल्या कव्हरचा फोटो आला की लगेच मला पाठव. त्यानं टाळाटाळ केली तर तेही कळव, म्हणजे तो विषय संपला. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच आहे. रंकाळ्याच्या अंकाची दुसरी प्रत तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. पाकीट आणू नकोस, मायलार माझ्याकडे आहे.

तुझा,
काका