सामायिक स्टोरेजला दुहेरी मार्गांनी जोडताना
सामायिक स्टोरेजचा (अनेक सर्व्हर मिळून वापरतात त्या साठवणुकीचा) एक मार्ग तुटला तरी दुसरा चालू राहावा म्हणून आपण सर्व्हरला दोन केबल जोडल्या हे योग्यच केले. परंतु त्या दोन्ही एकाच स्विचमध्ये जात असतील, तर तो स्विच बंद पडताच स्टोरेज दिसेनासे होईल. म्हणून सर्व्हरमधील कार्ड, स्विच आणि स्टोरेजचा कंट्रोलर असे दोन्ही मार्ग शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत आणि आय-स्कझी (नेटवर्कवरून स्टोरेज जोडण्याची पद्धत) असल्यास प्रत्येक मार्गाला स्वतंत्र सबनेट (नेटवर्क पत्त्यांचा गट) द्यावे. लिनक्सला एकच लन (स्टोरेजने सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेला भाग) जितके मार्ग तितक्या डिस्क म्हणून दिसतो. त्यांपैकी एखादी थेट माउंट न करता (वापरासाठी न जोडता) मल्टिपाथने, म्हणजे सर्व मार्ग एकत्र करणाऱ्या लिनक्सच्या सुविधेने, तयार केलेले डिव्हाइसच वापरावे. आय-स्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेला मार्ग परत येण्याची वाट पाहण्याचा कालावधी) मुळात 120 सेकंदांचा असतो आणि मार्ग तुटल्यावर तेवढा वेळ वाचन-लेखन अडकून राहू शकते, त्यामुळे तो बराच कमी करावा. डेटाबेस चढवण्याआधी, चाचणीचे लेखन चालू असताना प्रत्येक केबल आळीपाळीने काढून पाहावी, हा माझा आग्रह आहे.