टक्के सर्टिफिकेटवरचे आणि टक्के कमाईचे

या वेळची बहुतेक पत्रं रस्त्यावरच्या अपघातांची आहेत, म्हणून उत्तरंही मोटार अपघाताच्या दाव्यांपुरतीच ठेवली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्यातला घोळ जखमींच्या बहुतेक दाव्यांत होतो.

मी सुतारकाम करतो, वय ३४. गेल्या वर्षी पेठ नाक्याजवळ टेम्पोनं मोटरसायकलला ठोकलं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चेंगरली. सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट ३५ टक्क्यांचं आहे. ठेकेदाराकडून महिना १८ हजार रोख मिळायचे. दावा दाखल केलाय. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, ३५ टक्क्यांना फार तर तीन-चार लाख बसतात, तडजोडीवर सही करून टाका. करू का सर?
(वाळवा तालुका)

घाई करू नका. तडजोड एकदा मान्य केली की नंतर वाढवून मागायला जागा राहत नाही.

सर्टिफिकेटवरचे ३५ टक्के हे शरीराचे आहेत. त्यातही आधी नीट वाचा: ‘उजव्या हाताचे ३५ टक्के’ लिहिलंय की ‘संपूर्ण शरीराचे’? हाताचे असतील तर कंपनीचा वकील म्हणेल, पूर्ण शरीराचा विचार केला तर हे दहा-पंधराच होतात. पण न्यायाधिकरणाला (मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) मोजायचं असतं ते वेगळंच, या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली हे. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे सोडवून सांगितलं, आणि उदाहरण योगायोगानं तुमच्याच धंद्याचं घेतलं. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार असलेल्या माणसाची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. जखम एकच, भरपाई वेगळी.

आता आकडा मांडू. महिना १८ हजार. वय चाळिशीच्या आत आणि पगारी नोकरी नाही, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे (२०१७ चा प्रणय सेठी निकाल). झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्या आकड्यानं गुणायचं तो गुणक; ३१ ते ३५ या वयाला तो १६, हा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला. गुणाकार ४८,३८,४००. कमाईची हानी ३५ टक्के धरली तरी १६,९३,४४० होतात. ६० टक्के धरली तर २९,०३,०४०. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी तिसरा-चौथा हिस्सा वजा होतो, तसं जखमीच्या दाव्यात करायचं नसतं. कोणी करून दाखवलं तर हरकत घ्या. उपचार, प्रवास, खुराक, घरी बसलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, वेदना, पुढची ऑपरेशनं हे सगळं यावर वेगळं.

मग तीन-चार लाख कुठून आले? दोन गोष्टींतून: टक्के कमी धरायचे आणि उत्पन्न ‘सिद्ध नाही’ म्हणायचं. न्यायाधिकरणानं अंदाजानं १२ हजार धरले, तर तेच ३५ टक्के ११,२८,९६० वर येतात. म्हणून ठेकेदाराला साक्षीला आणा, त्याची हजेरीची वही घेऊन. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल तर ते कार्ड, अधूनमधून यूपीआयवर आलेले पैसे, ज्यांच्याकडे फर्निचर केलं त्यांच्यापैकी एखाद्याची साक्ष, सगळं चालतं.

आणि डॉक्टर. नुसतं सर्टिफिकेट जोडून बहुतेक जण मोकळे होतात, इथेच दावा कमजोर होतो. तुमच्या वकिलांना सांगा, डॉक्टरांना साक्षीत पेशाचं विचारा: हातोडीची पकड किती वेळ टिकते? रंधा दोन्ही हातांनी दाबून ओढता येईल का? स्क्रू चिमटीत धरता येतो का? मशीनवर हा हात ठेवणं सुरक्षित आहे का? ही चार उत्तरं रेकॉर्डवर आली की ३५ चा आकडा मागे पडतो.

माझी आई ५२ वर्षांची. रिक्षा उलटून खुब्याचं हाड मोडलं, आता काठीशिवाय चालता येत नाही. ती गृहिणी. समोरचे वकील म्हणतात, कमवतच नव्हती, तर बुडालं काय?
(चिपळूण)

हा युक्तिवाद अजून होतो याचंच नवल वाटतं. गृहिणीच्या कामाला पैशात किंमत आहे हे सुप्रीम कोर्टानं २००१ पासून वारंवार सांगितलंय. जानेवारी २०२१ मधल्या कीर्ती निकालात तर गृहिणीच्या अंदाजित उत्पन्नावरही भविष्यातल्या वाढीची टक्केवारी देता येते, असं म्हटलंय. आईंच्या वयाला गुणक ११.

फक्त ‘गृहिणी’ एवढा शब्द दाव्यात लिहून थांबू नका. अपघाताआधी आई दिवसभर काय करायच्या ते लिहा: पाणी भरणं, दोन वेळचा स्वयंपाक, सासऱ्यांचं पथ्यपाणी, नातवाला शाळेत सोडणं, परसातल्या केळी-नारळांची देखभाल, पावसाआधीचं वाळवण. यातलं आज कोण करतं आणि त्याला किती द्यावे लागतात? स्वयंपाकाला बाई ठेवली असेल तर तिची सहीची पावती दर महिन्याला घेत चला, तिची साक्षही होऊ शकते. आईंना अंघोळीला, उठायला-बसायला माणूस लागत असेल तर मदतनीसाचा खर्च स्वतंत्र मागायचा. घरचीच सून ते करते म्हणून तो शून्य होत नाही.

माझ्या हॉस्पिटलच्या बिलातले चार लाख मेडिक्लेममधून मिळाले. ते भरपाईतून कापतात का?
(पुणे)

महाराष्ट्रात तरी नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ठरवलं की मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चातून वजा करायची नाही. हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा ठोकणाऱ्याला कशाला? अडचण वेगळीच येते. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे गेलेली असतात. हॉस्पिटलकडून सही-शिक्क्याच्या प्रती आत्ताच घेऊन ठेवा, चार वर्षांनी बिलिंगमधला माणूसही बदललेला असतो.

रात्री जालना रोडला एका गाडीनं उडवलं आणि पळून गेली. नंबर कोणीच पाहिला नाही. पाय मोडला. आता मागायचं कुणाकडे?
(छत्रपती संभाजीनगर)

गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजना आहे: गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. १ एप्रिल २०२२ आधी हेच आकडे साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होते. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात चौकशी करा. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. पोलिसांकडची फिर्याद आणि हॉस्पिटलची कागदपत्रं लागतात.

पण पन्नास हजारांत मोडलेल्या पायाचं काय होतं? म्हणून गाडी शोधण्याचा नाद इतक्यात सोडू नका. पंप, ढाबे, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग फार दिवस राहत नाही. तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गाडी सापडली तर तिच्या थर्ड पार्टी विम्यावर पूर्ण दावा होतो. योजनेतून घेतलेले पैसे मग त्या भरपाईतून परत करावे लागतात.

अपघात निपाणीजवळ झाला, आम्ही राहतो कोल्हापुरात. आठ महिने प्लास्टर आणि फिजिओथेरपीत गेले. आता कर्नाटकात जाऊन केस करायची का? की मुदत संपली?
(कोल्हापूर)

कर्नाटकात जायची गरज नाही. दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, म्हणजे कोल्हापुरातच.

मुदतीचं दुखणं खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं अपघातापासून सहा महिन्यांत दावा करायची अट परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेलाच सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, आणि पुढील आदेश होईपर्यंत केवळ मुदतीवरून दावे फेटाळू नका, असं कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर आणखी महिने घालवणं मला पटत नाही. याच आठवड्यात वकील गाठा, उशिराची कारणं डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीच्या नोंदींसह मांडा. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अपघाताचा अहवालही दाव्याचा अर्ज म्हणून धरला जातो. निपाणी पोलिसांनी तो पाठवला होता का, कधी आणि कुठे, हे लेखी विचारा.

हेल्मेट नव्हतं. मार पायाला लागला. तरी भरपाई कापतील?
(नाशिक)

पायाच्या फ्रॅक्चरला हेल्मेटनं काय फरक पडला असता, एवढंच विचारा. नियम मोडला म्हणून आपोआप कपात होत नाही, त्या चुकीचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. तिघे बसले होते एवढ्यावरून केलेली कपात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये याच कारणानं रद्द केली. दंडाची पावती मात्र भरावी लागेल.

वकील म्हणतात, आधी काही देऊ नका, मिळतील त्याचे तीस टक्के माझे. गरिबाला हेच परवडतं ना?
(बीड)

वाटतं तसं, पण वकिलांना निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि दाव्याच्या रकमेत हिस्सा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी ठरावीक रकमेत, टप्प्याटप्प्यानं ठरवा आणि कागदावर घ्या. तेवढेही नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग व्यक्ती यांना तिथून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अपघातानं कायमचं अपंगत्व आलं असेल तर हे तुम्हालाही लागू होऊ शकतं. बँक पासबुक आणि चेकबुक स्वतःजवळ ठेवा. कोऱ्या चेकवर सही मागितली तर वकीलपत्र बदला.