‘फाइन’ म्हणजे छान आणि ‘फाइन’ म्हणजे दंडही, असे कसे?

आपला प्रश्न असा आहे की, प्रकृती विचारल्यावर ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणायचे आणि ग्रंथालयाचे पुस्तक उशिरा परत केल्यावर जो भरायचा तोही ‘फाइन’च, तर हा एक शब्द आहे की योगायोगाने सारखे दिसणारे दोन? मी बरीच वर्षे इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आणि या शब्दाने मला अनेकदा अडवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शब्दकोशात या दोहोंच्या नोंदी वेगळ्या असतात, परंतु मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे शेवट किंवा सीमा. तेथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. ‘फायनल’, ‘फिनिश’, ‘डिफाइन’, इतकेच काय, ‘फायनान्स’ हीसुद्धा याच घराण्यातील मंडळी आहेत. फायनान्स म्हणजे मुळात देणे चुकते करून व्यवहार संपवणे.

दंडाचा अर्थ आधी घेऊ, कारण तो अधिक रंजक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘फाइन करणे’ म्हणजे पैसे देऊन प्रकरणाचा शेवट करणे. राजाची मर्जी हवी असेल, सवलत हवी असेल किंवा त्याचा रोष मिटवायचा असेल, तर रक्कम ठरवून विषय संपवला जाई. त्यात शिक्षेपेक्षा समझोत्याचा भाग मोठा होता. जमिनीच्या हस्तांतरणासाठी तर लुटुपुटीचा दावा लावून न्यायालयात समझोता करण्याची पद्धत होती आणि त्या समझोत्यालाच ‘फाइन’ म्हणत. एकाच चर्मपत्रावर त्याच्या तीन प्रती लिहीत. दोन पक्षांना दोन जात आणि तळाची तिसरी, जिला ‘फाइनचा पाय’ असे नाव होते, ती 1195 पासून न्यायालयाच्या दप्तरी राहू लागली. ही पद्धत 1833 च्या कायद्याने बंद झाली. दरम्यान आपसात ठरणारी रक्कम हळूहळू वरून लादली जाणारी रक्कम झाली आणि ‘फाइन’ला आजचा अर्थ चिकटला.

आपला ‘दंड’ मात्र अगदी वेगळ्या वाटेने आला आहे. संस्कृतात दंड म्हणजे काठी. ती राजाच्या हाती आल्यावर तिचा अर्थ शिक्षा झाला. म्हणजे आपला शब्द काठीतून निघाला आणि त्यांचा तडजोडीतून. गंमत अशी की, मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली वाहतुकीचे काही गुन्हे न्यायालयात न जाता जागच्या जागी पैसे भरून मिटवता येतात आणि त्या रकमेला मराठीत ‘तडजोड शुल्क’ म्हणतात. बोलताना आपण ‘फाइन मारला’ म्हणतो ते चूक समजले जाते, पण आठशे वर्षांपूर्वीच्या अर्थाने पाहिले तर ते अगदी बरोबर आहे. कायद्याच्या मराठीत ‘फाइन’साठी ‘द्रव्यदंड’ आणि ‘पेनल्टी’साठी ‘शास्ती’ असा भेद पाळला जातो; तोही अनुवाद करताना विसरू नये.

आता दुसरी शाखा. शेवटापर्यंत नेलेले, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेले, म्हणून उत्कृष्ट. सोने गाळून गाळून त्यातील हीण काढून टाकले की ते ‘फाइन गोल्ड’ होते. दागिन्यावर 916 हा आकडा दिसतो तो याच शुद्धतेचा, इंग्रजीत ज्याला ‘फाइननेस’ म्हणतात त्याचा, हजारात किती भाग सोने हे सांगणारा. शुद्धतेकडून शब्द नाजुकपणाकडे आणि तेथून बारीकपणाकडे गेला. मराठी माणसाला ही उडी परकी वाटू नये, कारण आपणही तलम वस्त्राला, बारीक तांदळाला आणि बारीक कलाकुसरीला वरचढच मानतो. मात्र प्रत्येक ठिकाणी मराठी शब्द निराळा लागतो. जवळजवळ दातांचा ‘फाइन’ कंगवा म्हणजे आपली फणी, ‘फाइन आर्ट्स’ म्हणजे ललित कला आणि हवेतले ‘फाइन’ कण म्हणजे सूक्ष्म कण, ज्यांचा व्यास 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो. क्रिकेटमधील ‘फाइन लेग’चा चांगुलपणाशी काही संबंध नाही, दोन्ही यष्ट्यांना जोडणाऱ्या रेषेशी क्षेत्ररक्षकाचा कोन तेथे अरुंद असतो, इतकेच. इंग्रज माणूस हवामानाबद्दल ‘फाइन’ म्हणतो तेव्हा पाऊस नाही असे त्याला सांगायचे असते, आणि ‘दुपारनंतर फाइन होईल’ या वाक्याला ‘दुपारनंतर उघडीप मिळेल’ याहून चांगले मराठी मला सापडलेले नाही. पण ‘फाइन रेन’ म्हणजे पुन्हा पाऊसच, बारीक भुरभुरणारा.

सर्वांत फसवा उपयोग संभाषणातला आहे. एका कथेच्या अनुवादात यजमानीण पाहुण्याला आणखी चहा देऊ करते आणि तो म्हणतो, ‘आय अ‍ॅम फाइन.’ मी सरळ ‘मी बरा आहे’ असे लिहून मोकळी झाले होते. संपादकांनी त्याभोवती वर्तुळ काढून समासात लिहिले, ‘नको, पुरे.’ ती लाज अजून आठवते. भांडणात तुटकपणे उच्चारलेले ‘फाइन!’ तर छानच्या बरोबर उलट असते. समोरच्याचे पटलेले नाही, पण आता बोलणे संपले, असे ते सांगते. म्हणजे शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाशी, शेवटाशी, येऊन थांबतो.

अशा संवादांसाठी मी आता ‘छान’ शोधत बसत नाही, ‘बरं’ वापरते. ‘बरं वाटतंय’, ‘बरं, उद्या येतो’ आणि दार आपटण्यापूर्वीचे ‘बरं! कर तुला हवं ते’, हे तिन्ही ‘फाइन’ त्या एका शब्दात मावतात. दंड तेवढा त्यात बसत नाही.