‘बरंवाईट’ नको, थेट विचारा

प्रश्न : मित्र दोन महिने सगळ्यांना टाळत होता, ‘मी तुम्हाला भारच झालोय’ म्हणायचा. या आठवड्यात मात्र एकदम शांत, हसरा. जिवापाड जपलेली गिटारही मला देऊन टाकली. काळजी मिटली ना?

उत्तर : नाही. आजच भेटा. भार झाल्याचं बोलणं, माणसं तोडणं, झोप उडणं, दारू वाढणं ही लक्षणं आपल्या लक्षात येतात. चकवते ती अशी अचानक आलेली शांतता. मन खरंच सावरतं तेव्हा मागेपुढे होत, हळूहळू सावरतं. रातोरात आलेला निवांतपणा आणि सोबत आवडत्या वस्तू वाटून टाकणं, याचा अर्थ कधीकधी ‘माझं ठरलंय’ असा असतो. तसं नसेलही, पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

आणि विचारताना ‘काही बरंवाईट करून घेणार नाहीस ना?’ हे नको. त्या ‘ना’मुळे समोरचा ‘छे!’ म्हणतो आणि आपण सुटलो म्हणून घरी जातो. ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ असंच विचारा. नसलेला विचार विचारण्यानं डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. ‘हो’ म्हणाला तर समजावणीची घाई नको, ऐका. मग विचारा, काही ठरवलंय का, कधी? ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या किंवा ११२ ला फोन करा.

प्रश्न : बहिणीनं आत्महत्येचे विचार येतात हे सांगताना कुणाला न सांगण्याची शपथ घातली आहे.

उत्तर : मोडा. पण आधी तिला सांगून मोडा, पाठीमागून नको. ती रागावेल, रागावू दे.

प्रश्न : भाऊ आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून घरी आला आहे. औषधं सुरू आहेत. आणखी काय करावं?

उत्तर : घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, आणि नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायलाही साधारण २ ते ४ आठवडे, कधी जास्तच लागतात. म्हणून गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवून एकेका दिवसाच्या द्या, कीटकनाशकं घरातून हलवा. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसणं फार मोलाचं असतं. डॉक्टरांची पुढची तारीख चुकवू नका.

प्रश्न : हे विचार मलाच येतात. हेल्पलाइनवर काय बोलायचं?

उत्तर : तुम्ही आता मला लिहिलंत तेवढंच. भारतात ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, मोफत सुरू आहे. मराठीतून बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. गोष्ट नीट जुळवून सांगायची गरज नाही, रडू आलं तरी चालतं. फोन लागला नाही तर पुन्हा लावा, आणि तोवर खोलीत एकटे थांबू नका. कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसा.